पॅचला दुसरा हात

दिघोरी,
२५ सप्टेंबर

सुगतदादा,

सप्रेम जयभीम.

फोनच करणार होते. पण कॉम्प्युटरचं काम फोनवर सांगायचं नाही, एक टिंब चुकलं तर दोघंही रडत बसू, असा तुझाच नियम आहे. म्हणून हा ईमेल. लांबणार आहे, चहा घेऊन बस.

आधी बातमी. काल तलावाच्या पाणी समितीची बैठक झाली आणि तुझा प्रोग्राम मंजूर झाला! चिखल्याला तुझ्या ट्रान्सपोर्टच्या ऑफिसातून ट्रकवाल्यांना "तुझा नंबर लागला, भरायला ये" असा आपोआप फोन जातो ना, तोच. मी त्यात ट्रकच्या जागी शेतकऱ्यांची नावं घातली आणि जागेश्वरकाकांचा आवाज भरला. "मी जागेश्वर बोलून राहिलो. तुमची पाळी लागली. फावडा घेऊन बांधीवर या." काका इतकी वर्षं गावचे पाणकर आहेत. कोणाच्या शेतात कधी पाणी जाईल ते हाका मारत, पाटाच्या कडेनं चालत सांगतात. आता गुडघे बोलतात त्यांचे. आवाज भरताना म्हणाले, "आता माहा आवाज फिरन आन मी पारावर बसीन."

समितीची अट एकच. येत्या आठ ऑक्टोबरला धानासाठी पाणी सोडायचं आहे, तेव्हा मशीननं नीट काम केलं तर ते राहील. गोंधळ झाला तर जुनी पद्धत, आणि मशीन माझ्या घरी.

दुसरा ठराव त्याहून मोठा आहे. यंदा पाणी शेवटाकडून वर यायचं. पाटाच्या टोकाला ज्यांच्या धानाच्या बांध्या आहेत त्यांना आधी, तलावाजवळच्यांना मागून. भैय्यालालकाकांची जमीन अगदी तलावाखाली. ते उठून म्हणाले, "मंग आमी पयल्या नंबरचे लोकं कायले झालो जी?" सगळे हसले, पण ठराव झाला.

तुझा प्रोग्राम मात्र पहिल्या नंबरापासूनच सुरू होतो. तो उलटा करून दे.

आणि एक. आत्यानं तुला सांगू नको म्हटलं होतं, मी सांगते. गेल्या वर्षी तुला "पिकलं बरं" असं कळवलं ना? आत्याच्या बांध्यांपर्यंत पाणी पोचलंच नव्हतं. लोंब्या आल्या त्या पांढऱ्या, पोचट. यंदा तीच जागा, तोच पाट.

तुझी,
तृप्ती

*

चिखला,
२७ सप्टेंबर

तृप्ते,

आईचं वाचलं. तिला काही विचारत नाही. मी विचारलं तर ती तुझ्याशी बोलणं सोडेल आणि मला पुन्हा "बरं आहे" म्हणेल.

काम सोपं आहे. क्रम लावणाऱ्या फाइलमध्ये दोनच ओळी बदलायच्या. पण मी माझी अख्खी फाइल पाठवली तर तू गावासाठी केलेले बदल पुसले जातील आणि आठ तारखेला दिघोरीचे शेतकरी चिखल्याला ट्रक भरायला येतील. म्हणून पॅच पाठवतो. पॅच म्हणजे फक्त फरक. कुठली ओळ काढायची तिच्यापुढे वजाचं चिन्ह, कुठली घालायची तिच्यापुढे अधिकाचं. ते वाचून कॉम्प्युटर तुझ्या फाइलमध्ये तेवढाच बदल करतो, बाकीला हात लावत नाही.

फाइलचं नाव मुद्दाम आपल्या लिपीत दिलं आहे, गावात कोणालाही ओळखू यावं म्हणून. प्रोग्रामच्या फोल्डरमध्ये ठेव आणि तिथेच काळ्या खिडकीत लिही:

patch -p1 < शेवट.patch

काढून टाकायचा असेल तर उलटा लावायचा:

patch -R -p1 < शेवट.patch

वरचं R मोठं आहे. लहान लिहू नकोस. आणि स्क्रीनवर जे येईल ते जसंच्या तसं मला लिही. "काहीतरी आलं" असं लिहिलंस तर उत्तर मिळणार नाही.

सुगत

*

दिघोरी,
२९ सप्टेंबर

सुगतदादा,

लागला! लागला! लागला!

आधी फजिती सांगते. मी पॅच डाउनलोडच्या फोल्डरमध्येच ठेवून तिथूनच कमांड दिली. जसंच्या तसं लिहिते: can't find file to patch at input line 3. आणि खाली विचारत बसला, कोणत्या फाइलला लावू? म्हणजे दर्जी माप घेऊन उभा आणि माणूसच घरी नाही. मग तुझं पत्र पुन्हा वाचलं, योग्य फोल्डरमध्ये गेले, आणि एकच ओळ आली:

patching file kram.py

बस? एवढंच? मला वाटलं घंटा वाजेल.

समितीच्या ऑफिसात तेव्हा अर्धं गाव होतं. आत्या पाटाच्या टोकाला तुमच्या बांधीच्या कडेला, धुऱ्यावर मुद्दाम जाऊन बसली होती, फोन हातात धरून. मी चाचणी सुरू केली. प्रोग्रामनं विचारलं, फोन लावू का, y की n? मी जागेश्वरकाकांना म्हटलं, "काका, तुम्हीच दाबा. वाय म्हणजे हो." काकांनी हात धोतराला पुसला आणि दाबला. पहिला फोन आत्याला! ती काय म्हणाली असेल? "हो जी जागेश्वरभाऊ, आयकलं, पन पाणी कुठं हाये?" भरलेल्या आवाजाशी ती बराच वेळ भांडली. काका इकडे माझ्याशेजारी उभे. तेही ओरडले, "अवो पार्वताबाई, मी नाई बोलून राहिलो, मशीन बोलून राहिली!"

नंतर काकांनी मला तलावाचं तोंड दाखवायला नेलं. तुला आठवतं का, बांधाच्या पाळीतला पाणी सोडायचा तो तुडुम, पायऱ्यापायऱ्यांची भोकं, आणि त्यात ठोकलेले लाकडी गुडदे? एकानं गुडदा ठोकला की दुसरा माणूस येऊन पुन्हा ठोकतो. पहिल्याचा कितीही घट्ट बसला असला तरी. त्याला काका "दुसरा हात" म्हणतात. दुसऱ्या हाताशिवाय दिघोरीत तलावाचं कोणतंच काम पुरं धरत नाहीत. मी विचारलं, "पहिल्यानं नीट केलं असेल तर?" तर म्हणाले, "मंग दुसऱ्यानं केल्यानं बिघडते का?"

आठ तारीख कधी येते असं झालं आहे. धान निसवायला लागलं आहे, आत्याच्या बांधीतलं सगळ्यात आधी. तिनं लवकर लावलं होतं.

तृप्ती

*

दिघोरी,
२ ऑक्टोबर

दादा,

घात झाला. नीट वाच.

परवा सकाळी मी पुन्हा चाचणी घेतली. पहिला फोन भैय्यालालकाकांना गेला! आत्या सगळ्यात शेवटी. मला वाटलं माझंच काहीतरी चुकलं. पॅच पुन्हा लावला, patching file kram.py, सगळं ठीक, पहिला फोन आत्याला. काल सकाळी पाहते तर पुन्हा भैय्यालालकाका पहिले. पुन्हा लावला. पुन्हा ठीक. आज सकाळी? पुन्हा भैय्यालालकाका!

ते तर आता फोन उचलून म्हणतात, "बोल तृप्ती, आज बी मीच पयला का?" आणि हसतात. शेजारची रिता सांगत होती की पारावर ते म्हणाले, "मशीनले बी समजते, पाणी वरून खाली जाते."

दादा, हे कोणीतरी मुद्दाम करतं आहे. रात्रीतून पॅच काढून टाकतं. आणि फायदा कोणाचा ते उघड आहे. ऑफिसची किल्ली काकांकडे असते, पण दार दिवसभर उघडंच. चार तारखेला समितीची शेवटची बैठक आहे. मी सगळ्यांसमोर नाव घेणार. आत्याच्या लोंब्या पुन्हा पांढऱ्या होऊ देणार नाही.

रागात आहे.
तृप्ती

*

चिखला,
२ ऑक्टोबर

तृप्ते,

नाव घेऊ नकोस. हे पहिलं वाक्य दोनदा वाच.

शेवटच्या बांध्या माझ्या आईच्या आहेत आणि प्रोग्राम माझा आहे. तू भैय्यालालभाऊंचं नाव घेतलंस की लोक म्हणतील, मामेबहीण-आतेभावानं मिळून आपल्या घरचं पाणी आधी लावून घेतलं आणि वर दुसऱ्याला चोर केलं. मग ठराव जाईल. मशीन तर जाईलच.

आता डोकं थंड करून बघ. कोणी फाइल उघडून हातानं ओळी बदलल्या असत्या तर कुठेतरी एखादी जागा कमी-जास्त झाली असती. मग तुझा पॅच लागताना अडखळला असता, कुरकुरला असता, न बसलेला तुकडा .rej नावाच्या फाइलमध्ये टाकून मोकळा झाला असता. तुझा मात्र रोज लोण्यासारखा बसतो. म्हणजे फाइल रोज अगदी जशीच्या तशी जुनी होते. असं सफाईनं पॅच काढणारा एकच आहे, तो पॅच स्वतः. भैय्यालालभाऊंना मोठं R येतं का? मला वाटत नाही. त्यांना मोबाइलचा आवाज बारीक करता येत नाही.

एक कर. पॅच लावलेला असताना तोच पुन्हा लाव. मुद्दाम. स्क्रीन काय विचारते ते लिही. काही विचारलं तर 'हो' म्हणू नकोस.

सुगत

*

दिघोरी,
३ ऑक्टोबर

दादा,

कालचा राग उतरला. का ते वाच.

तू सांगितलं तसं केलं. सकाळी पॅच लावला, लगेच पुन्हा लावला. जसंच्या तसं:

Reversed (or previously applied) patch detected! Assume -R? [n]

म्हणजे तो म्हणतो, हा तर आधीच लावलेला दिसतो, उलटा करून काढून टाकू का? मी n दाबलं. आणि मग लक्षात आलं. कोणी इथे y दाबलं तर पॅच सुटणार! काढायचा विचारही नको, मोठं R ही नको. फक्त दुसऱ्यांदा लावायचा आणि हो म्हणायचं. दिघोरीत दुसऱ्यांदा कोण करतं, हे आता तुला सांगायला नको.

दिवस मावळायच्या आधी ऑफिसात जाऊन धानाच्या पोत्यांमागे बसले. काका आले. फावडा कोपऱ्यात ठेवला, हात धुतले, चष्मा लावला. खुर्चीवर बसले नाहीत, उभ्यानंच वरचा बाण दाबत गेले, मी दाबते तसा. मागच्या कमांड एकेक करून येत होत्या. इंग्रजी, इंग्रजी, इंग्रजी, आणि मग 'शेवट'. तुझं आपल्या लिपीतलं नाव! तिथे थांबले आणि एन्टर दाबलं. स्क्रीननं विचारलं. काकांनी मान डोलावली आणि y दाबलं.

"काका!"

ते दचकले नाहीत. उलट खूश झाले. "बरं झालं आलीस. पाय, तुह्या कामाले रोज दुसरा हात देऊन राहिलो."

"काका, ती काय विचारते माहीत आहे का?"

"इचारते ना, करू का म्हणून. तूच सांगतली, वाय म्हंजे हो. एवढं इचारते बिचारी, तिले नाई कसं म्हणू?"

मी पोत्यावर बसून हसत सुटले. मग समजावलं. गुडदा दुसऱ्यांदा ठोकला तर घट्ट बसतो, हा दुसऱ्यांदा ठोकला तर निघून येतो. काकांचं तोंड उतरलं. त्यांनी चष्मा काढला. मग म्हणाले, "म्हंजे पार्वताबाईचं पाणी मीच वर नेत होतो?" आणि किल्ली टेबलावर ठेवून निघाले. "मंग मी हात लावत नाई, पोरी. तुहं तूच कर."

दादा, हे त्याहून वाईट आहे. दुसऱ्या हाताशिवाय इथे काहीच पुरं होत नाही. काका बाजूला झाले तर समितीतला एकही माणूस मशीनवर विश्वास ठेवणार नाही, आणि मलाही काकांशिवाय पाणी सोडायचं नाही. दुसऱ्यांदा लावला तरी काही बिघडणार नाही असा पॅच लावता येतो का? उद्या दुपारी बैठक आहे. लवकर लिही!

तृप्ती

(भैय्यालालकाकांबद्दल मी जे मनात आणलं ते फक्त तुला माहीत आहे. तिथेच राहू दे.)

*

चिखला,
४ ऑक्टोबर, सकाळ

तृप्ते,

पत्र वाचून ऑफिसात एवढ्यानं हसलो की आमचा ड्रायव्हर परसराम ट्रक सोडून आत आला. त्याला सांगितलं, तर तो म्हणतो, "दुसरा हात आमच्या ट्रकच्या ताडपत्रीले बी पायजे." एकानं दोरी बांधली की दुसऱ्यानं ओढून पाहायची. शहाणा माणूस आहे.

उत्तर आहे, पण आयतं देणार नाही. तुझ्याकडे वेळ आहे, तू सकाळीच वाचशील. काळ्या खिडकीत man patch लिही. लांबलचक माहिती येईल, घाबरू नकोस. दोन गोष्टी शोध. एक, न लावता लावून पाहणं; त्यात dry हा शब्द आहे. दुसरी, आधीच लागलेला दिसला तर न विचारता पुढे जाणं. ते एका मोठ्या अक्षराचं काम आहे. मिळाल्या की मला शिव्या देऊन टाक.

सुगत

*

दिघोरी,
४ ऑक्टोबर, दुपार

दादा,

शिव्या घे! दोन्ही गोष्टी मिळाल्या!

मोठं N! त्यानं तो विचारतच नाही. आधी लागलेला असेल तर सरळ Skipping patch म्हणतो आणि सोडून देतो. फक्त एक .rej फाइल मागे टाकत होता, तर -r - लिहिल्यावर तीही बंद झाली. मी ती ओळ एका छोट्या फाइलमध्ये ठेवली आणि फाइलला नाव दिलं 'दुसरा-हात'. ती चालवली की नसलेला पॅच लागतो, असलेला तसाच राहतो. लगेच मराठीत उत्तर येतं: "पक्कं आहे काका." dry-run मध्ये, म्हणजे नुसतं लावून पाहताना, बसत नसेल तर: "तृप्तीला बोलवा." कितीही वेळा चालवा. मी चालवत बसले होते, आई ओरडली जेवायला ये म्हणून.

आता काकांकडे जाते आणि त्यांना हाताला धरून बैठकीत नेते. किल्ली त्यांना त्यांच्याच हातात द्यायची आहे.

तृप्ती

*

दिघोरी,
९ ऑक्टोबर

सुगतदादा,

पाणी पोचलं!

आता सावकाश सांगते. सावकाश जमत नाही, तरी.

बैठकीत काका कोपऱ्यात बसले होते, खाली मान घालून. मी सगळ्यांना सांगितलं की पॅच एकदा मी लावते आणि दुसरा हात काका देतात, आणि तो दिल्याशिवाय मशीन फोन लावणार नाही, अशी मी सोय केली आहे. खरंच केली आहे, 'पक्कं आहे' आल्याशिवाय फोन सुरूच होत नाहीत. आधी काय घडलं होतं ते सांगायला काका स्वतःच उठले. "चार दिवस मीच उलटं करून राहिलो होतो," म्हणाले. लगेच भैय्यालालकाका म्हणाले, "म्हंजे मी फुकटचाच पयला होतो का जी?" सगळी बैठक हसली, आणि काकाही. मला भैय्यालालकाकांकडे बघवेना.

काल सकाळी गाव तलावाच्या पाळीवर जमलं. काकांनी आधी ऑफिसात जाऊन, हात धुऊन, चष्मा लावून दुसरा हात दिला. स्क्रीनवर आलं, "पक्कं आहे काका." त्यांनी ते मोठ्यानं वाचलं. मग पुन्हा एकदा चालवलं. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा मीच थांबवलं. मग तुडुमातले गुडदे काढले, एकानं सैल केले, दुसऱ्यानं ओढले, आणि पाणी पाटात धडधडत निघालं.

पहिला फोन आत्याला. ती फावडा घेऊन आधीच उभी. पण पाणी यायला वेळ लागतो ना! मध्ये किती बांध्या, किती धुरे. मी पाटाच्या कडेनं पळत होते आणि पाण्याच्या पुढे जाऊन पुन्हा मागे बघत होते. मध्ये एका ठिकाणी कोणीतरी सवयीनं पाट फोडून पाणी आपल्या बांधीत घेतलं. मी ओरडणार तेवढ्यात भैय्यालालकाका तिथे पोचले! "बुजव ते! माहा नंबर शेवटचा हाये, तू मधातच पिऊन घेशीन त मी काय चाटू?" स्वतः माती ओढून बुजवलं. ज्यांची पाळी सगळ्यात मागे, तेच दिवसभर पाटावर पहारा देत होते. त्यांना घाई होती ना, सगळ्यांचं लवकर उरकायची!

आणि मग पाणी आत्याच्या बांधीच्या तोंडाशी आलं. आधी फेस, काडीकचरा, मग गढूळ, मग चांगलं. आत्यानं धुरा कापला. धानाच्या बुडाशी पाणी शिरताना आवाज येतो, बारीक, भेगा पिताना. ती पायातली चप्पल काढून आत जाऊन उभी राहिली. खूप वेळानं म्हणाली, "सुगतले सांग. या वेळेस खरं सांग."

म्हणून हे खरं.

तेवढ्यात तिचा फोन वाजला. काकांचा भरलेला आवाज नाही, खरेच काका. "पार्वताबाई, पोचलं का?" आत्या म्हणाली, "पोचलं जी." आणि काका म्हणतात, "मंग मी बी दुसऱ्यांदा इचारतो. पोचलं का?"

सोबत एक फाइल जोडली आहे. 'दुसरा-हात' आणि त्यासाठी प्रोग्राममध्ये मी केलेले बदल, diff करून. म्हणजे माझा पॅच. कसा करायचा ते कोणी सांगितलं नाही, man वाचून केला. तुझ्या प्रोग्रामला लावून बघ. नाही बसला तर .rej काय म्हणते ते जसंच्या तसं लिही. "काहीतरी आलं" असं लिहिलंस तर उत्तर मिळणार नाही.

तृप्ती

*

चिखला,
१० ऑक्टोबर

तृप्ते,

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. कशामुळे ते तुला कळलं असेल.

आईशी बोललो. या वेळेस "बरं आहे" म्हणाली नाही. लोंबीत दूध भरायला लागलं, असं म्हणाली. मग मलाच विचारलं, "तुह्यावाल्या मशीनमंदी भैय्यालालचा नंबर लागला का? बिचारा सकाळपासून पाटावर हाये."

तुझा पॅच लावला. अडखळला नाही, कुरकुरला नाही. माझ्या प्रोग्राममध्ये दुसऱ्या कोणाचा पॅच लागण्याची ही पहिलीच वेळ, म्हणून वर तुझं नाव लिहिलं, आणि खाली: दुसरा हात, जागेश्वर, दिघोरी. काकांना वाचून दाखव.

मग परसरामला बोलावून खुर्चीवर बसवलं आणि म्हटलं, आता तू चालव. त्यानं ताडपत्रीची दोरी ओढावी तसं एन्टर दाबलं.

पक्कं आहे काका, असं आलं.

परसराम माझ्याहून लहान आहे. तरी खूश झाला.

सुगत